पूर येण्याआधी दवाखाना गाठा : नदीकाठच्या बायकांच्या नाजूक दुखण्यांविषयी

"अंगावर पांढरं जातं, सांगायचं कुणाला?" "कुर्म्यात (पाळीच्या झोपडीत) असताना ताप चढला तर गावात यायचं का?" "पुजाऱ्याचं औषध चालू आहे, सोबत दवाखान्याची गोळी चालेल का?" "तपासायला पुरुष डॉक्टर असेल तर नाही म्हणता येतं का?" गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या भागांत हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. विचारणाऱ्या कधी स्वतः त्रास सोसणाऱ्या असतात, कधी त्यांच्या वतीने विचारणाऱ्या आशाताई, अंगणवाडीताई किंवा आश्रमशाळेतल्या शिक्षिका. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे.

या भागात दुखण्याला नदीचं वेळापत्रक लागू होतं. भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो. आतल्या पाड्यांवरून आजारी बाईला खाटेवर किंवा डोंग्यातून आणावं लागतं. उन्हाळ्यात अंगावर काढलेलं दुखणं मग श्रावणात, रस्ता बंद असताना उसळतं. म्हणून या लेखाचं सांगणं एकच आहे : घरची रीत पाळायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण रीतीपायी उपचार लांबू देऊ नका, आणि जे तपासून घ्यायचं ते पाणी चढण्याआधी तपासून घ्या.

"हे मला एकटीलाच होतंय" असं वाटत असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा एखादा तरी आजार निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. दुखणं घरोघरी होतं, पण त्याविषयी कुणी बोलत नव्हतं.

पांढरं जाणं : कोणतं साधं, कोणतं तपासण्याजोगं

योनीतून थोडा ओलसर स्राव रोज होतो आणि तो निरोगीपणाचंच लक्षण आहे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत तो पातळ, पारदर्शक, तार सुटल्यासारखा होतो. गरोदरपणात त्याचं प्रमाण वाढतं. खाज, घाण वास, जळजळ नसेल तर औषध नको.

पुढीलपैकी काही दिसलं तर मात्र तपासून घ्या :

- दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव आणि भरपूर खाज. बहुधा बुरशीचा संसर्ग असतो.
- पातळ, राखाडी, मासळीसारखा वास येणारा स्राव. योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडलेला असतो.
- पिवळा किंवा हिरवट, फेसाळ स्राव. हा संसर्ग शरीरसंबंधातून पसरतो.
- पूसारखा स्राव, ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधाच्या वेळी वेदना. संसर्ग गर्भाशयापर्यंत पोहोचलेला असू शकतो. यात उशीर केला तर पुढे मूल राहण्यात अडचण येते, म्हणून त्याच दिवशी निघा.
- संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणं. वय कितीही असो, हे दाखवायलाच हवं.

"पांढरं जातं म्हणजे हाडं झिजतात, अंगातली ताकद वाहून जाते" असा समज फार पसरलेला आहे. हाडं त्यातून झिजत नाहीत. चालताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याचं कारण पुष्कळदा रक्त कमी असणं हे असतं. म्हणून स्रावाची तक्रार घेऊन जाल तेव्हा हिमोग्लोबिनही तपासायला सांगा. या जिल्ह्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्णही बरेच आहेत. त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. लग्नाआधी किंवा दिवस राहण्याआधी एकदा करून घ्या.

रोजची स्वच्छता : काय करावं, काय टाळावं

नदीवर सगळ्यांच्या देखत अंगभर लुगड्यानिशी अंघोळ करावी लागते, तेव्हा जांघा आणि लघवीची जागा नीट धुता येत नाही. वर ओलं कापड तसंच अंगावर वाळतं. यावर साधे उपाय आहेत :

- घरामागे कुडाचा किंवा ताडपत्रीचा आडोसा करून घ्या. दिवसातून एकदा तिथे साध्या पाण्याने बाहेरून धुवा. पुराचं गढूळ पाणी यासाठी वापरू नका. विहिरीचं किंवा हातपंपाचं पाणी घ्या.
- शौचानंतर पुढून मागे धुवा. मागून पुढे हात आणला की शौचातले जंतू लघवीच्या जागी येतात.
- योनीच्या आत काहीही घालू नका. साबण, तुरटी, मीठ, राख, झाडपाल्याचा लगदा, काहीच नाही. आतली स्वच्छता शरीर स्वतः करतं. बाहेरून घातलेल्या वस्तूंनी तिथे जखम होते आणि संसर्ग वाढतो.
- आडोसा नाही म्हणून पाणी कमी पिऊ नका आणि लघवी दाबून ठेवू नका. लघवीला जळजळ, वारंवार लागणं, थंडी वाजून ताप ही लघवीच्या संसर्गाची लक्षणं आहेत. गरोदरपणात ती अजिबात अंगावर काढू नका.

पाळीचे दिवस आणि कुर्मा

माडिया आदिवासींच्या गावांत पाळी आलेली बाई गावाबाहेरच्या कुर्म्यात राहते. काही बायका सांगतात की तेवढे चार दिवस स्वयंपाक, पाणी, शेत यांतून सुटका मिळते आणि बरोबरीच्या बायकांशी मोकळं बोलता येतं. त्या विश्रांतीची किंमत कमी लेखू नये. पण गळकं छप्पर, दार नाही, दिवा नाही आणि जमिनीवर झोपणं, अशा कुर्म्यात साप, मलेरिया आणि हिवाळ्यातली थंडी यांनी जीव धोक्यात येतो. तिथे राहायचं नसेल तर कुणीही जबरदस्ती करू शकत नाही. राहणार असाल तर पुढची काळजी घ्या.

*झोपताना*

- जमिनीवर झोपू नका. खाट किंवा बांबूचा माचा वापरा. मण्यार रात्री निघते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते.
- आरोग्य विभागाकडून मिळालेली औषधी मच्छरदाणी कुर्म्यातही न्या आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा.
- टॉर्च उशाशी ठेवा. शक्यतो एकट्या झोपू नका.

*कापड आणि पॅड*

- कापड सुती आणि स्वच्छ असावं. दिवसातून तीन-चार वेळा बदला.
- वापरलेलं कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. कुणी पाहू नये म्हणून ते छपराच्या गवतात खोचलं तर ओलं राहतं, त्यावर बुरशी येते, त्यात विंचूही शिरतो. वर पातळ ओढणी टाकून दोरीवर वाळत घाला, म्हणजे ऊनही लागतं आणि आडोसाही होतो.
- पावसाळ्यात ऊन नसतं. त्या महिन्यांसाठी पॅड आधीच घेऊन ठेवा. आशाताईंकडे विचारा. जनऔषधी केंद्रातही ते स्वस्तात मिळतात.
- वापरलेलं पॅड नदीत किंवा नाल्यात टाकू नका. कागदात गुंडाळून पाण्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरा.

*दुखणं आलं तर*

ताप, सापाचा संशय, बेशुद्धी, जोराचा रक्तस्राव यांपैकी काहीही झालं तर पाळीचे दिवस पुरे होण्याची वाट पाहू नका. कुर्म्यातून थेट दवाखान्यात जा. विटाळाची अडचण काढली जाऊ नये म्हणून गावातल्या जाणत्या बायका, गायता आणि पुजारी यांच्याशी आधीच बोलून ठेवा. एकदा गावानेच ठरवलं की ऐन वेळी सासूला किंवा नवऱ्याला घुटमळावं लागत नाही.

मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होऊन मिटणं, गिळायला किंवा बोलायला त्रास अशी लक्षणं दिसली तर साप चावला आहे असं धरूनच निघा. जागा कापू नका, दोरी करकचून बांधू नका. विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं.

कुर्मा दुरुस्त करायला पैसा कुठून?

भामरागड आणि एटापल्लीसारख्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना पेसा कायद्याअंतर्गत ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. आरोग्य आणि स्वच्छता या कामांवरही तो खर्च करता येतो, आणि कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. यासाठी :

1. आधी बायकांची वेगळी बैठक घ्या. काय हवं त्याची यादी करा : पक्का ओटा, कडी असलेलं दार, सौरदिवा, न्हाणीघर, शौचालय, पाणी.
2. ही यादी ग्रामसभेत मांडून ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.
3. दिवा, मच्छरदाण्या, पाण्याची टाकी अशा लहान गोष्टींसाठी गाव आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या निधीची मागणी करा. आशाताई या समितीत असतात.

कुर्मा पाडायचा की ठेवायचा हा वाद गावात चालू राहील. तो मिटेपर्यंत तिथे झोपणाऱ्या मुलींना दार आणि दिवा मिळायला हवा.

पुजारी, सुईण की दवाखाना?

पुजाऱ्याकडे जाण्यात लपवण्यासारखं काही नाही. विधी, अंगारा, दिलासा यांना दवाखान्याची हरकत नसते. पण दोन गोष्टी सांभाळा.

- पोटात घ्यायचं किंवा आत ठेवायचं झाडपाल्याचं औषध दिलं असेल तर त्याविषयी डॉक्टरांना सांगा. लपवलंत तर चुकीचं निदान होऊ शकतं.
- "आधी विधी, मग दवाखाना" हा क्रम साध्या खाजेला चालून जाईल. रक्तस्राव, ताप, झटके, अडलेलं बाळंतपण यांना चालणार नाही. तिथे विधी वाटेत किंवा परतल्यावर करा.

सुईणीला बरोबर न्या. कळांच्या वेळी ओळखीचा हात हवासा वाटतो, आणि ती माडियात बोलून तुमचं म्हणणं नर्सताईंपर्यंत पोहोचवू शकते. बाळंतपण मात्र जिथे रक्त, ऑक्सिजन आणि प्रशिक्षित माणसं मिळतील तिथेच होऊ द्या.

तपासणीला गेल्यावर

पहिल्यांदा जाणाऱ्या बाईला सगळ्यात मोठी भीती आत काय करतील याची असते. साधारणपणे होतं ते असं : आधी प्रश्न विचारतात, मग पोट दाबून पाहतात. गरज असेल तर स्पेक्युलम नावाच्या उपकरणाने गर्भाशयाचं तोंड पाहतात. त्याला काही मिनिटं लागतात. दाब जाणवतो, पण सहन न होणारी वेदना होत असेल तर थांबायला सांगा. शरीरसंबंध न आलेल्या मुलीची आतून तपासणी बहुतेक वेळा लागत नाही.

तुम्ही हे मागू शकता :

- पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर नर्स किंवा तुमच्या ओळखीची बाई शेजारी हवी.
- पडदा किंवा बंद खोली हवी. दुसऱ्या रुग्णांसमोर प्रश्न विचारू नयेत.
- माडिया, गोंडी किंवा तेलुगू समजणारी व्यक्ती हवी. या कामाला लहान मुलाला दुभाष्या करू नका, नवऱ्यालाही शक्यतो नको. आशाताई बऱ्या.
- काय आजार आहे आणि गोळी कशाची, हे समजेल अशा भाषेत सांगावं.
- स्त्री डॉक्टरच हवी असेल तर ती कोणत्या दिवशी, कुठे भेटेल ते विचारा. मात्र तातडीच्या वेळी यासाठी थांबू नका.

औषध घेताना :

- दिवस राहिल्याची शंका असेल तर आधी सांगा. काही गोळ्या तेव्हा चालत नाहीत.
- संबंधातून पसरणारा संसर्ग असेल तर नवऱ्यालाही औषध लागतं. नाही तर आजार परत येतो आणि दोष बाईला लागतो. नवरा यायला तयार नसेल तर त्याच्या औषधाचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा. तोवर निरोध वापरा.
- यातल्या काही गोळ्यांवर दारू चालत नाही, मळमळ आणि उलट्या होतात. सणाचे दिवस असतील तर मोहाची दारू किती दिवस टाळायची ते दोघांनीही विचारून घ्या.
- बरं वाटलं तरी दिलेलं औषध पुरं करा.

तुमचं वय ३० ते ६५ असेल तर गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी करायला सांगा. सौम्य आम्ल लावून लगेच पाहता येतं, म्हणून पुन्हा खेप पडत नाही. दर ५ वर्षांनी ती करायची असते. पाळीच्या दिवसांत जाऊ नका.

बाळंतपणानंतर लवकर जड ओझी उचलल्याने अनेक बायकांचं अंग बाहेर येतं. लाज वाटून त्या वर्षानुवर्षं कापडाचा बोळा लावून दिवस काढतात. सुरुवातीच्या अवस्थेत व्यायाम आणि आत बसवायची कडी यांनी आराम पडतो. पुढच्या अवस्थेत शस्त्रक्रिया करता येते. पण दाखवलंत तरच यातलं काही होईल.

इथे फसगत होते

- बोगस डॉक्टरची सुई आणि सलाईन. सलाईनने पांढरं जाणं थांबत नाही. पैसे जातात, सुई स्वच्छ नसेल तर नवा आजार येतो.
- "गर्भपिशवी काढून टाका." साध्या स्रावासाठी गर्भाशय काढायची गरज नसते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. मिरची तोडायला तेलंगणात गेल्यावर कुणी असा सल्ला दिला तर कागद मागून घ्या, आणि घरी परतल्यावर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नका.
- दुकानातून आणलेली गर्भपाताची गोळी. ही गोळी ९ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. गर्भ नळीत असेल तर ती काम करत नाही आणि जीव धोक्यात येतो. रस्ता बंद व्हायच्या बेतात असताना ती घरी घेणं फार धोक्याचं आहे. तासाला दोन मोठी पॅड भिजली आणि असं सलग दोन तास झालं, तर तातडीने हलवायला हवं.

पावसाळ्याआधीची तयारी

मे महिना संपण्याआधी एवढं करून घ्या :

1. जुनी तक्रार असेल तर तपासणी आणि औषध पुरं करा.
2. जुलै ते सप्टेंबरमध्ये बाळंतपण असेल तर आशाताईंकडून तारीख काढून घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची खास तपासणी असते. जोखीम असेल तर तिथे कळते.
3. प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या 'माहेरघरा'ची चौकशी करा. बाळंतपणाच्या तारखेआधी काही दिवस तिथे सोबतीसह राहता येतं, जेवणही मिळतं. तुमच्या वाटेत नदी असेल तर लवकर घेण्याची विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधीच करा.
4. पाणी चढलं तर डोंगा कुणाचा, खाट कोण उचलणार, पलीकडे गाडी कुठे थांबणार हे नावानिशी ठरवा. गाडीसाठी १०८ किंवा १०२. नेटवर्क कुठल्या टेकडीवर मिळतं ते दोघा-तिघांना ठाऊक असू द्या.
5. मागे राहणाऱ्या मुलांना आणि जनावरांना कोण पाहणार ते ठरवा. बाई दवाखान्यात जायला नकार देते त्याचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं.

तुमचे हक्क

- सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे. हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून ठरलेलं आहे.
- तुमचं वय १८ पूर्ण असेल तर गर्भपातासाठी फक्त तुमची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही. कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. लग्न झालेलं नाही म्हणून नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.
- १८ वर्षांखालच्या मुलीसाठी पालकाची संमती लागते आणि डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिची ओळख उघड न करता कळवता येतं, असं त्याच निकालात म्हटलं आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने मुलीला घरी लपवू नका.
- तांबी बसवणं किंवा नसबंदी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही.
- तुमची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टर, नर्स आणि आशाताई यांचं कर्तव्य आहे.

अपमान झाला, पैसे मागितले किंवा परत पाठवलं, तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा. आधी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा, मग तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. ग्रामसभेचा ठराव जोडला तर तक्रारीला वजन येतं.

आशाताई आणि शिक्षिकांना विनंती

घरी गेल्यावर पहिला प्रश्न पांढऱ्या पाण्याचा विचारू नका. सासू समोर असेल तर बाई "काही नाही" म्हणेल. आधी रक्त कमी असण्याविषयी, दमण्याविषयी बोला, मग नदीवर किंवा शेतावर एकटी असताना विचारा. कुर्म्याच्या रीतीची टिंगल करू नका, नाही तर दार कायमचं बंद होईल. आश्रमशाळेतल्या मुलींना पाळी येण्याआधीच सगळं सांगा. आणि मुलांनाही सांगा, कारण उद्या डोंगा वल्हवणारे आणि ग्रामसभेत हात वर करणारे तेच असतील.

त्रास असलेल्या भगिनींनो, या आठवड्यात एवढं एकच करा : विश्वासातल्या एका बाईला तुमचं दुखणं सांगा, आणि दोघी मिळून दवाखान्यात जायचा दिवस ठरवा. तिलाही काही सांगायचं असण्याची शक्यता मोठी आहे.